वाचकांचे प्रश्न : लग्नाची कॅसेट आणि यात्रेचे चित्रण एकाच डीव्हीडीवर?

प्रश्न : आमच्या लग्नाची जुनी व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवून घेतली आहे. सिद्धेश्वर यात्रेतील नंदीध्वजांच्या (हातांत धरून नेल्या जाणाऱ्या उंच काठ्यांच्या) मिरवणुकीची मोबाइलवरील चित्रणेही आहेत. त्यांपैकी काही फोन उभा धरून घेतलेली आहेत. हे सारे एका डीव्हीडीवर घेतले, तर टीव्हीवर लग्नातील माणसे बुटकी आणि जाड दिसतात. रेझोल्यूशन किती ठेवावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपली अडचण रेझोल्यूशनची, म्हणजे चित्रातील बिंदूंच्या संख्येची नसून आस्पेक्ट रेशोची, म्हणजे चित्राच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणाची आहे, आणि म्हणून ते प्रमाण आधी ठरवावे. आपल्याकडील पाल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीच्या डीव्हीडीवर पूर्ण आकाराचे चित्र ७२० × ५७६ बिंदूंचेच असते, मग ते ४:३ असो वा १६:९. ते किती रुंद दाखवायचे, हे प्लेअरला केवळ तबकडीवर चित्रासोबत नोंदलेल्या खुणेवरून कळते. कॅसेटचे चित्र ४:३ असताना खूण १६:९ ची पडली, की माणसे आडवी ताणली जातात. तेव्हा कॅसेटसाठी ४:३ निवडावे आणि दोन्ही बाजूंना उरणाऱ्या काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. पडदा भरावा म्हणून चित्र १६:९ मध्ये कापले, तर उंचीचा चौथा हिस्सा जातो, आणि लग्नाच्या चित्रणात तो बहुधा मुंडावळ्यांचा किंवा पाटावरच्या पावलांचा असतो.

बिंदूंची संख्या वाढवल्याने कॅसेट अधिक स्पष्ट होणार नाही, कारण व्हीएचएसचा आडवा तपशील सुमारे २४० रेषांइतकाच असतो. ४.७ जीबीच्या तबकडीवर दोन तासांचे चित्रण बसवायचे, तर ध्वनीसह प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला सुमारे ५ मेगाबिट (माहितीचे माप) येतात, आणि तेवढ्यात ७२० × ५७६ चांगले निभते. चित्रण तीन तासांचे असेल, तर वाटा साडेतीन मेगाबिटपर्यंत उतरतो. अशा वेळी ३५२ × ५७६ हा डीव्हीडीला मान्य असलेला आकार घ्यावा, म्हणजे हालचालीच्या जागी चित्राचे चौकोनी तुकडे दिसत नाहीत आणि कॅसेटचे फारसे काही हरवतही नाही. ३५२ × २८८ मात्र टाळावे, कारण त्यात एकाआड एक रेषांचे अर्धे चित्रच गळते आणि हालचाल अडखळते.

यात्रेच्या चित्रणांसाठी मी वेगळी तबकडी सुचवीन. फोन बहुधा सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम) टिपतो, पालमध्ये २५ असतात, आणि हा मेळ घालताना नंदीध्वजांची संथ चाल झटके खात दिसते. त्याऐवजी एनटीएससी या सेकंदाला सुमारे ३० चौकटींच्या दुसऱ्या टीव्ही पद्धतीचे ७२० × ४८० आणि १६:९ निवडावे. आपल्याकडील बहुतेक प्लेअर या तबकड्या चालवतात, मात्र एकाच तबकडीवर दोन्ही पद्धती मिसळता येत नाहीत. उभे चित्रण रुंद पडद्याचा जेमतेम एक तृतीयांश भाग व्यापील. ते तसेच राहू द्यावे, कारण इतका उंच ध्वज टोकापासून धरणाऱ्याच्या हातांपर्यंत त्या उभ्या चौकटीतच पूर्ण मावला आहे. बाजूंना त्याच चित्राची धूसर प्रत भरण्याची हल्ली पद्धत आहे, पण तिने नजर ध्वजावरून हटते आणि मेगाबिटही खर्ची पडतात. फोनमधील मूळ फाइली डीव्हीडीपेक्षा कितीतरी तपशीलवार असतात, म्हणून त्या पेन ड्राइव्हवरही जपाव्यात.

अंतिम प्रत काढण्यापूर्वी पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकडीवर पाच मिनिटांचा नमुना उतरवून घरच्या टीव्हीवर पाहावा. रिमोटवरील ‘वाइड’ किंवा ‘झूम’ बंद करून, समोरून दिसणारे भिंतीवरचे घड्याळ गोल आहे का, हे पट्टीने आडवे-उभे मोजून घ्यावे.