‘देव मला बोलला’, ‘देवाला ऐका’ आणि शुश्रूषा

प्रश्न असा आहे: ख्रिस्ती प्रार्थनेत नुसतं मागत न बसता गप्प राहून देवाची वाणी ओळखायला शिकतात, त्याला मराठीत काय म्हणावं? देवाला ऐकणं, देवाचं ऐकणं की श्रवण? आणि ‘देव मला बोलला’ हे चालतं का?

शेवटचं आधी घेतो कारण ते रोज कानावर आदळतं. नाही चालत! ‘आई मला बोलली’ म्हणजे आई रागावली. देव तुमच्यावर खरंच रागावला असेल तर खुशाल म्हणा, नाहीतर ‘माझ्याशी बोलला’ किंवा ‘मला म्हणाला’. ‘देवाला ऐका’ हा त्याचाच भाऊ, सरळ इंग्रजीतून उचललेला. आपण ‘भीमसेनांना ऐकलंय’ म्हणतो ते ठीक, पण ते गाण्यापुरतं, देवाची काय मैफल लागलीये? आवाज ऐकतात, वाणी ऐकतात, आणि माणसाचं ऐकतात.

आता हे ‘माणसाचं ऐकणं’ बघा. पोरगं ऐकत नाही म्हटल्यावर कोणी त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेत नाही, कारण इथे ऐकणं म्हणजे मानणं. बायबलच्या जुन्या कराराच्या हिब्रूतला ‘शामा’ (ऐकणे) अगदी असाच आहे. त्यातल्या ‘पहिले शमुवेल’ या पुस्तकाच्या 15व्या अध्यायात शौल राजाला हुकूम असतो की अमालेक्यांचं काहीही राखायचं नाही, हा त्यातली चांगली चांगली मेंढरं राखतो आणि वर म्हणतो मी आज्ञा पाळली, तेव्हा संदेष्टा शमुवेल विचारतो मग ही बें बें कसली येतेय माझ्या कानावर? पुढे तो प्रसिद्ध निवाडा, मराठीत ‘यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे’, पण मूळ हिब्रूत तिथे साधं ‘ऐकणं’ आहे. लॅटिनमध्येही आज्ञा पाळायचं क्रियापद ‘औदिरे’ म्हणजे ऐकणे यावरूनच बनलंय, ग्रीकमध्ये ‘हुपाकोए’, त्यातही ऐकणंच. त्यामुळे ‘देवाचं ऐकणं’ हा प्रयोग एकदम पक्का, फक्त त्यात ऐकण्यापेक्षा मानण्याचं वजन जास्त पडतं.

पण हे सगळं बाजूला ठेवा, खरा शब्द आपल्या घरात लोळत पडलाय आणि आपण त्याला आजाऱ्याच्या खाटेशी बांधून ठेवलंय: शुश्रूषा! धातू श्रु, ऐकणे. त्याचं इच्छादर्शक रूप, जसं ज्ञा पासून जिज्ञासा, पा पासून पिपासा, तसं श्रु पासून शुश्रूषा, म्हणजे ऐकण्याची इच्छा. आपट्यांच्या संस्कृत कोशात पहिला अर्थ हाच आहे, सेवा त्याच्यानंतर. गुरूचं ऐकायचं तर त्याच्याजवळ राहायचं, जवळ राहायचं तर पडेल ते काम करायचं, असा ऐकण्याच्या इच्छेचा अर्थ सरकत सरकत सेवेवर आला, आणि मराठीत तर थेट औषधपाण्यावर. मनुस्मृतीत एक श्लोक आहे (2.218), कुदळीने खणत राहणाऱ्याला जसं पाणी लागतं तशी गुरूजवळची विद्या ‘शुश्रूषु’ला मिळते, तिथे ऐकू इच्छिणारा म्हणा की सेवा करणारा म्हणा, दोन्ही बसतं.

आता शमुवेलाची लहानपणची गोष्ट (त्याच पुस्तकाचा तिसरा अध्याय) या शब्दाने वाचून बघा. पोरगं एली नावाच्या म्हाताऱ्या याजकाच्या हाताखाली मंदिरात सेवेला आहे, रात्री तिथेच झोपतं, आणि त्याला परमेश्वराची ओळख अजून झालेली नाही असं तिथे स्पष्ट लिहिलंय. हाक आली की उठून एलीकडे पळतं, ‘बोलावलंत ना?’, असं तीनदा. म्हणजे वाणी काही गडगडाटी नव्हती, म्हाताऱ्याच्या हाकेसारखीच वाटली असणार. तिसऱ्या वेळी एलीच्या लक्षात येतं की हाक कोणाची, आणि तो पोराला उत्तर शिकवतो: बोल, तुझा दास ऐकत आहे. दास आणि ऐकणं एकाच वाक्यात! सेवा आधीपासून चालू, कान नंतर तयार झाले. याला शुश्रूषा नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

‘श्रवण’वाले विद्वान लगेच नवविधा भक्ती काढतात, पहिली भक्ती श्रवण वगैरे. अहो पण ते देवाविषयीचं ऐकणं, कथा आणि गुण, तेही दुसऱ्याच्या तोंडून. इथे बोलणारा देव स्वतः आहे, शिवाय त्याने बोलावं ही आस आहे, ती आस ‘श्रवण’मध्ये कुठेय? शब्द संस्कृत आणि भारदस्त आहे म्हणून नेमका असतोच असं नाही.

अजून एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले, त्याचा पहिलाच शब्द ‘ऐक’, आणि पुढे हृदयाचा कान लाव असं म्हटलंय. तो लॅटिन शब्द ‘आउस्कुल्तारे’ कुळातला, आणि डॉक्टर स्टेथोस्कोप लावून छाती तपासतात त्याला म्हणतात ऑस्कल्टेशन, तेच कूळ. म्हणजे आपल्याकडे ऐकणं नर्सकडे गेलं आणि तिकडे डॉक्टरकडे!

तर रोजच्या बोलण्यात ‘देवाची वाणी ऐकणं’ म्हणा, काही बिघडत नाही. शुश्रूषा वापरणार असाल तर मात्र नीट लिहा, ‘सुश्रुषा’ नको, त्या शब्दाच्या सुरुवातीला ‘सु’ नाहीच. वैद्य सुश्रुताचाही काही संबंध नाही, धातू तोच असला तरी. शु ऱ्हस्व, श्रू दीर्घ, शेवटी पोटफोड्या षा.