वाड्यात कोवर्किंग (भाड्याने डेस्क द्यायचं सामायिक ऑफिस) काढतोयस? आधी हे बघ

अरे, पैठणीचे पडदे लावले नि भिंतीवर पगडी टांगली की वारसा होत नाही, लग्नाचा हॉल होतो. पेठेतला वाडा मिळालाय ना, मग चौक मोकळाच ठेव, पत्रा टाकायचा मोह होईल पण उजेड-वारा सगळा तिथूनच येतो. गिलावा चुन्याचाच कर, आम्ही शहाणपणा करून सिमेंट मारलं नि दुसऱ्याच पावसाळ्यात ओल धरून पोपडे पडले. कोनाड्यात चार्जिंग पॉइंट मस्त बसतात. ओसरीवर काउंटर नको, बैठक घाल, आल्याआल्या माठातलं पाणी नि गुळाचा खडा दे. आणि कडीपाटाखाली (लाकडी कड्या-फळ्यांचं, वर माती घातलेलं छत) डेस्क लावण्याआधी वर कोणालातरी चालायला लाव, आमच्याकडे लॅपटॉपवर माती पडायची! महापालिकेच्या हेरिटेज यादीत वाडा आहे का तेही बघ, मगच खिळा ठोक.