किट घेण्याआधी

प्रिय डॉक्टर,

तुझा परवा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. तीन दिवसांचा इम्प्लांटचा (पडलेल्या दाताच्या जागी हाडात बसवायच्या टायटॅनियमच्या स्क्रूचा) कोर्स, राहणं-खाणं हॉटेलात, फी हप्त्यांनी, वर कंपनीचं सर्जिकल किट. खाली एवढंच, "सर, करू का?"

कर की नको ते नंतर बघू. आधी तुझ्या क्लिनिकच्या मागच्या शंभर पेशंटचे कागद काढ आणि प्रत्येकाच्या नावापुढे तीन गोष्टी लिही. शुगर किती, खर्रा (सुपारी-तंबाखूचा) खातो का, आणि तोंडात तीन बोटं उभी जातात का. माझी खात्री आहे, तिसऱ्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी तुला काहीच लिहिलेलं सापडणार नाही, कारण आपण ते विचारलेलंच नसतं.

आपल्या यवतमाळकडे हे फार महत्त्वाचं आहे. पंधरा वर्षं खर्रा खाल्लेल्या माणसाचा गाल आतून चामड्यासारखा ताठर होतो, पांढरट पट्टे येतात, तोंड दोन बोटांवर येऊन थांबतं. मागच्या दाढेच्या जागी हँडपीस आणि त्यात लावलेला लांब ड्रिल सरळ उभा धरायला जागाच उरत नाही. मग ड्रिल तिरका जातो, इम्प्लांट तिरका बसतो. आणि असा पेशंट "दाढ बसवून द्या" म्हणत आला, तर दाढेचा विषय बाजूला ठेवून आधी विचारायचं, तिखट झोंबतं का? कारण हा आजार कॅन्सरकडे जाऊ शकतो. त्याला इम्प्लांटच्या आधी खर्रा सोडायला मदत लागते, गाल तपासून घ्यायला लागतो. मी आजवर जे कोर्स केले, त्यांतल्या एकातही दोन बोटं उघडणारं तोंड दाखवलेलं नव्हतं.

माझ्या पहिल्या इम्प्लांटबद्दल तुला कधी सांगितलं नाही. 2003 साली मीही असाच एक कोर्स करून आलो होतो. प्लास्टिकच्या जबड्यावर चार भोकं पाडली होती, सर्टिफिकेट फ्रेम करून वेटिंग रूममध्ये लावलं होतं. पहिला पेशंट शाळामास्तर, खालची डावी पहिली मोठी दाढ. ओपीजीवर, म्हणजे अख्ख्या जबड्याच्या एक्स-रेवर, पट्टी ठेवून हाड मोजलं. ओपीजीत चित्र मोठं होऊन येतं हे शिकलो होतो, पण त्या दिवशी तो हिशेब लावला नाही. खालच्या ओठाला जाणीव देणाऱ्या नसेच्या वर दोन मिलिमीटर तरी जागा सोडायची असते, ती मी सोडली आहे असं समजत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी आले. म्हणाले, "डॉक्टर, चहा ओठावरून ओघळतो, मला कळतच नाही." कोर्स घेणाऱ्यांना फोन केला, ते म्हणाले थांबून बघा. मग नागपूरला, कॉलेजातल्या माझ्या जुन्या सरांना फोन केला. ते एकच वाक्य बोलले, "आत्ता काढ." तासाभरात इम्प्लांट काढला. ओठाची जाणीव परत यायला पाच महिने लागले. हनुवटीवरची रुपयाएवढी जागा अजून बधिर आहे. दाढी करताना तिथे ब्लेड लागलं तर रक्त दिसल्यावरच त्यांना कळतं. ते आजही माझ्याचकडे येतात, आणि दर वेळी मी त्या जागेवर बोट ठेवून विचारतो.

म्हणून कोर्सवाल्यांना फोन करशील तेव्हा माझा एकच प्रश्न विचार. ज्या पेशंटला मी तुमच्याकडे इम्प्लांट लावेन, तो मला पुन्हा दिसणार का? इम्प्लांट लावणं हा तासाभराचा भाग. हाड त्याला धरायला महिने घेतं. मग इम्प्लांटवरची हिरडी उघडणं, माप, कॅप, आणि वर्षाने कडेचं हाड किती उतरलं ते एक्स-रेवर बघणं. तीन दिवसांत यातलं फक्त पहिलं पान वाचून होतं. इम्प्लांटचे जनक, स्वीडनचे ब्रेनमार्क यांना 1952 मध्ये सशाच्या हाडात टायटॅनियम पक्कं धरलेलं दिसलं, आणि पहिल्या माणसाला त्यांनी इम्प्लांट लावले 1965 मध्ये. मधली तेरा वर्षं आठवली की मला तीन दिवसांच्या सर्टिफिकेटची लाज वाटते.

बोकडाच्या जबड्यावर हात बसवायला मिळत असेल तर जरूर जा. फ्लॅप (हिरडीचा पदर) उचलणं, टाके घालणं, हे त्याच्यावर छान जमतं. फक्त लक्षात ठेव, मेलेलं हाड ड्रिलने तापलं तरी तक्रार करत नाही. जिवंत हाड 47 अंशांवर मिनिटभर राहिलं तरी इजा होते. सलाईनची धार, धारदार ड्रिल, थांबत थांबत दाब, ही सवय कुणीतरी शेजारी उभं राहूनच लावावी लागते.

कोर्स करून मिळणारे डेंटल कौन्सिलचे पॉइंट लागतातच, ते मिळव. त्यावर जास्त बोलत नाही.

आता स्माइल डिझायनिंग, म्हणजे समोरचे दात देखणे करायचं काम. तुझ्याकडे फ्लोरोसिसच्या (पाण्यातल्या जास्त फ्लोराइडने दात डागाळलेल्या) पोरी येतील, बोअरच्या पाण्यावर वाढलेल्या, समोरच्या दातांवर तपकिरी डाग. लग्न ठरलं की बाप म्हणेल, "सहाच्या सहा दातांना कॅपा बसवा." बावीस वर्षांच्या पोरीचे चांगले दात खोडू नकोस. घासून काढलेलं इनॅमल, दाताचं वरचं कवच, परत येत नाही. आधी ब्लीचिंग, मायक्रोअब्रेजन (डाग वरवर हलका घासणं), मग रेझिन इन्फिल्ट्रेशन (डागात पातळ रेझिन मुरवणं), गरज पडली तर कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरण), व्हेनिअर (दातावर पुढून चिकटवायची पातळ चकती) त्यानंतर. फ्लोरोसिसचं इनॅमल अॅसिडला दाद देत नाही, एचिंगला (चिकटवण्याआधी दात खरखरीत करायला) जास्त वेळ द्यावा लागतो. बाहेरच्या पुस्तकातले सेकंद इथे पुरत नाहीत. आणि शेड अगदी सुरुवातीला घे, कापूस लावण्याआधी, खिडकीपाशी. दात सुकला की पांढरा दिसतो, आणि मग लॅबमधून आलेली व्हेनिअर शेजारच्या दातांपेक्षा वेगळी उठून दिसते. हे मी आरशासमोर रडणारी एक पोरगी बघून शिकलो.

तुमच्या बॅचचे तीन-चार जण जवळपास असतील. महिन्यातून एकदा बसा, आणि प्रत्येकाने आपली बिघडलेली एक केस फोटोंसकट दाखवावी.

गुरुवारी माझ्याकडे हिरडी उघडायची एक केस आहे, शुगरची पेशंट, चार महिन्यांपूर्वी लावलेला इम्प्लांट. दहाला सुरू करणार. साडेसातच्या बसने निघालीस तर पोचशील. शंभर कागदांची यादी सोबत आण, किट मात्र विकत घेऊ नकोस. पहिल्या पाच केसेस माझ्या किटवर, माझ्या शेजारी उभी राहून कर. गुरुजींनाही त्या दिवशी अकराला बोलावलंय, त्यांची हनुवटी तू स्वतः तपास.

तुझा
सर