तीन गट, एक खोली

प्रश्न : गुरुजी, मी दापोली तालुक्यात चौथीला शिकवते. प्रशिक्षणात सांगितलं, की मुलं बघून, ऐकून नाहीतर हाताने करून शिकणारी असतात, तसे गट पाडा. तिसरीही माझ्याच खोलीत बसते. तीन-तीन पाठ कसे काढू?

उत्तर : बाई, काढू नका. २००८ साली पॅशलर आणि इतर तीन मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन तपासलं. मुलाच्या पसंतीप्रमाणे शिकवलं की ते जास्त शिकतं, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. आवडनिवड असतेच हो, पण नकाशा काही कानाने कळत नाही.

मीही फसलोय. हर्णैच्या एका पोराला 'हाताने शिकणारा' ठरवून महिनाभर मण्यांत बसवलं. अपूर्णांक येईनात. मग बंदरावर त्याची आई कोळंबीचे वाटे लावताना दिसली. दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे २४ चिंचोके ओतले. "तीन सारखे वाटे घाल, दोन मला दे." "सोळा झाले, गुरुजी!" मग पाटीवर दोन तृतीयांश लिहून घेतलं. मण्यांच्या वेळी हे बोलणं आणि लिहिणंच राहून गेलं होतं. मग अख्ख्या वर्गाकडून तसंच करून घेतलं, 'ऐकून शिकणाऱ्यां'कडूनसुद्धा.

गट पाडायचेच तर कोण कुठे अडलंय ते बघून पाडा, आणि अडचण सुटली की मोडा. तिसरीला तेवढ्यात चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करू देत. मात्र मोजून द्या. माझे निम्मे खिशांतून घरी गेले.