लग्नात उरलेल्या कोल्ड्रिंकचं काय करू?

प्रश्न : ताई, मुलाच्या लग्नात काळ्या कोल्ड्रिंकच्या मोठ्या सात-आठ बाटल्या अर्ध्या-अर्ध्या उरल्या. गॅस उडाला, आता कोणी पीत नाही. फेकायला जीव होत नाही. संडास स्वच्छ होतो म्हणतात, खरं का? आमचे हे तर म्हणतात, कपाशीवर फवारून टाकू.
– एक वाचक भगिनी, ता. दर्यापूर

उत्तर : फेकू नका ताई. गॅस उडाला तरी काळ्या कोलातलं फॉस्फोरिक ॲसिड बाटलीतच राहतं, आणि खरं काम तेच करतं.

तुमचं दर्यापूर खारपाणपट्ट्यात, माझं माहेरही तिकडचंच. बोअरचं पाणी जिथं ठिबकतं तिथं पांढरा थर धरतोच. संडासाच्या भांड्यातले पिवळट डाग बहुतेक त्याच क्षाराचे. रात्री सगळे झोपले की अर्धा लिटर कोला कडेकडेनं सोडा, सकाळी ब्रशनं घासून बादलीभर पाणी ओता. थर जुना असला तर दोन-तीन रात्री लागतील. पण त्यात ब्लीचिंग पावडर किंवा दुसरं क्लीनर बिलकुल टाकू नका. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो, कोंडलेल्या संडासात तो जिवावर बेतू शकतो.

जंग लागलेल्या लोखंडाला तर हा फारच कामाचा. मामंजींचा चौदा-पंधराचा पाना गोठ्यात पावसाळाभर ओलीत पडला होता, लालभडक झालेला. मी तो डालड्याच्या जुन्या डब्यात कोला ओतून एक रात्र बुडवून ठेवला. सकाळी हाताला लाल पूड नाही, काळपट चिखल लागला. नारळाच्या काथ्यानं घासत गेले तसा १४ चा आकडा उमटला. मामंजी तो पाना कितीतरी वेळ उलटापालटा करून पाहत होते. पुढचं मात्र चुकवू नका : साध्या पाण्यानं धुवायचं, उन्हात कोरडं करायचं, तेलाचा हात फिरवायचा. साखर चिकटून राहिली तर धूळ धरते, ओल धरते, जंग परत चढतो.

स्टीलचं पातेलं खाली करपलं असेल तर त्यात कोला ओतून मंद आचेवर वीस मिनिटं ठेवा, करपलेलं सुटतं. ॲल्युमिनियमला नको.

आता फवारणी. २००४ साली छत्तीसगडात दुर्गकडचे शेतकरी धानावर कोला मारतात, अशा बातम्या आल्या होत्या. तेव्हा जाणकारांनी सांगितलं होतं, की साखरेनं मुंग्या येतात आणि त्या अळ्या खातात. पण आपल्या कपाशीवर मावा ही कीड असते. माव्याचा गोड चिकटा मुंग्यांना आवडतो, म्हणून त्या माव्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. गोड पाणी मारून मुंग्यांना आणखी कशाला बोलवायचं? भाऊंना माझं नाव घेऊन सांगा, कपाशीवर नको.

यासाठी नवी बाटली मात्र विकत आणू नका. पितळेच्या गुंडाला आपली चिंच आहे, नळावरच्या क्षाराला लिंबाची सालं पुरतात.

आणि ताई, बाटल्या रिकाम्या झाल्या की त्यात फवारणीचं औषध भरून ठेवू देऊ नका. लेकरू तहानेनं आलं की त्याला फक्त कोल्ड्रिंकची बाटली दिसते. झाकण काढून, चेचूनच भंगारात द्या.