संत्र्याचा डिंक्या आणि मुळांभोवतीचे जिवाणू

काटोलकडील आठ वर्षांच्या संत्रा बागेत डिंक्या, म्हणजे बुंध्याची साल कुजून डिंक वाहण्याचा रोग, दिसल्यावर दोनदा स्यूडोमोनास हे रोगाला आवर घालणारे जिवाणू सोडूनही झाडे सुधारली नाहीत, तेव्हा हे जिवाणू खरोखर काम करतात का, असे आपण विचारले आहे. काम करतात, मात्र मुळे निरोगी असतानाच तेथे जाऊन बसले तर.

डिंक्या आणि मूळकूज घडवणाऱ्या फायटोप्थोरा या बुरशीसारख्या रोगकारकाचे बीजाणू आळ्यात साचलेल्या पाण्यात पोहत तंतुमुळांपर्यंत पोहोचतात. या पोहणाऱ्या बीजाणूंना पेशीभित्तिका नसते, त्यामुळे स्यूडोमोनासचे काही वाण जी साबणासारखी द्रव्ये सोडतात, त्यांच्या संपर्काने ते फुटतात. शिवाय स्यूडोमोनास फ्लुरोसन्सला ज्या चमकणाऱ्या पिवळसर हिरव्या रंगद्रव्यावरून हे नाव पडले, तेच द्रव्य मातीतले लोह बांधून घेते; आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत उपलब्ध लोह मुळातच तुटपुंजे, तेव्हा रोगकारकाची उपासमार होते. पण साल कुजून डिंक वाहू लागला, म्हणजे रोग सालीच्या आत शिरलेला असतो आणि मुळांच्या पृष्ठभागावर राहणारे जिवाणू तेथे पोहोचत नाहीत. तेथे कुजलेली साल खरवडून मोरचूद (तांब्याचा क्षार) 1 किलो, चुना 1 किलो व पाणी 10 लिटर या प्रमाणातील बोर्डो मलमच लावावे लागते. तांबे जिवाणूंनाही मारते, म्हणून मलम बुंध्यावरच राहू द्यावे आणि जिवाणू बाहेरच्या आळ्यात, तंतुमुळांपाशी द्यावेत.

आता विकत मिळणाऱ्या जिवाणूंच्या बाटलीविषयी. स्यूडोमोनास उष्णता सोसणारे बीजाणू तयार करत नाही, त्यामुळे 45 अंशांच्या मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात ठेवलेल्या मालात जिवंत पेशी फारशा उरत नाहीत. मी स्वतः एकदा काचेच्या कपाटात उन्हाकडे मांडलेली बाटली आणली होती; ती फुगलेली होती आणि झाकण उघडताच कुजका वास आला. बॅसिलस सबटिलिस हा दुसरा जिवाणू मात्र जाड कवचाचे बीजाणू करून उन्हाळा काढतो, आणि त्याची इट्युरिनसारखी द्रव्ये बुरशीचे आवरण फोडतात. नागपूरच्या हवेत माझा कल त्यामुळे बॅसिलसकडे आहे. स्यूडोमोनास मी ताजा मिळाला तर आणि पावसाळ्यातच वापरतो. वाढीसाठी म्हणून विकले जाणारे स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू हा वेगळा माल आहे. ते सेंद्रिय आम्ले सोडून जमिनीत अडकलेला स्फुरद मोकळा करतात, आणि त्यांच्या पावडरीत खत नियंत्रण आदेश, 1985 नुसार दर ग्रॅममागे किमान 5 कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. पाकिटावरील उत्पादनाची तारीख वाचल्याशिवाय काहीच घेऊ नये.

नुसते पाण्यातून सोडण्यापेक्षा मी 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात 1 किलो कल्चर (जिवाणूंची पावडर) मिसळतो, ओल्या गोणपाटाखाली सावलीत आठ-दहा दिवस ठेवतो, मधे एकदा ढीग उलटतो आणि मृगाचा पाऊस पडून जमीन ओली झाल्यावर तंतुमुळांपाशी मातीत मिसळतो. कच्चे शेणखत वापरल्यास ढीग तापतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

त्याआधी एक पाहणी मात्र आपण करावी. पाळी घालताना बुंध्याला माती चढून कलमाचा जोड गाडला गेला असेल, किंवा उताराला चर नसल्याने पाणी तुंबत असेल, तर कोणताही जिवाणू उपयोगी पडणार नाही. चार-पाच रोगट झाडांचा जोड जमिनीपासून किती वर आहे ते मोजून येथे कळवावे, म्हणजे पुढचे सांगता येईल.