आता सोडून काय फायदा?

प्रश्न: बाबांना घशाचा कॅन्सर झालाय, रेडिएशन चालू आहे. सिगरेट सुटली असं वाटत होतं पण परवा बाथरूममधून वास आला. आई खूप बोलली तर म्हणाले, व्हायचं ते झालंय, आता सोडून काय फायदा? आणि डॉक्टरांना सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली. काय करू?

उत्तर: ताई, ती शपथ बाजूला ठेवा. डॉक्टरांना कळायलाच हवं, शक्यतो बाबांच्याच तोंडून, तुम्ही फक्त शेजारी बसा. फायदा तर आहेच, तोही आत्ताच्या ट्रीटमेंटमध्ये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो आणि रेडिएशन नीट काम करायला गाठीत ऑक्सिजन लागतो, म्हणजे इतका त्रास सोसून घेतलेल्या रेडिएशनचा असर कमी होऊ शकतो. सिगरेट थांबवली की एक-दोन दिवसांत हा वायू रक्तातून बराचसा निघून जातो. पुढे दुसरा नवीन कॅन्सर होण्याचा धोकाही कमी होतो.

आईंची तगमग कळते हो, पण रागावून सिगरेट सुटत नाही, लपून ओढणं वाढतं. बाबांच्या मनात आधीच 'हे मीच ओढवून घेतलं' असं असणार. आणि हे निकोटीनचं व्यसन आहे, नुसता हट्ट नाही. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात, चिडचिड होते, झोप उडते, मग हळूहळू काही आठवड्यांत कमी होतं. तलफेची लाट मात्र बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ कुणीतरी जवळ बसून गप्पा मारल्या तरी निभावतं.

औषधांची मदत जरूर मागा. रेडिएशनने घसा सोललेला असताना तलफ शमवायला दिला जाणारा निकोटीनचा च्युइंगम झोंबतो, त्यापेक्षा पॅच, म्हणजे त्वचेतून थोडं थोडं निकोटीन देणारी चिकटपट्टी, बरा पडतो. दंडावर कोरड्या त्वचेवर लावायचा, रोज जागा बदलायची, रेडिएशन घेतलेल्या मानेवर अजिबात नाही. पॅचमुळे स्वप्नं पडून झोप मोडत असेल तर रात्री काढायचा का ते विचारा. व्हॅरेनिक्लिन, बुप्रोपिऑन अशा गोळ्याही आहेत, पण कधी फिट आली असेल तर बुप्रोपिऑन चालत नाही, म्हणून स्वतःच्या मनाने काही सुरू करू नका.

मध्येच एखादी ओढली गेली तरी पॅच चालू ठेवून डॉक्टरांना सांगायचं, पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही. पुढच्या रेडिएशनला जाल तेव्हा बाबा दिवसाची पहिली सिगरेट उठल्यावर किती वेळाने ओढतात ते आठवून सांगा, डोस ठरवताना डॉक्टर हे विचारतातच.